चारही चाकांना फेरे कोण वाटतं? ऑल व्हील ड्राइव्हमधलं डिफरन्शियल

दातेरी_चक्र:
ऑल व्हील ड्राइव्हचा, म्हणजे चारही चाकं इंजिनाने फिरवण्याचा विषय निघाला की 'ज्या चाकाला पकड आहे त्याला डिफरन्शियल ताकद पाठवतं' हे वाक्य हमखास ऐकू येतं. डिफरन्शियल म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच. साधं, म्हणजे ओपन डिफरन्शियल वरच्या वाक्यासारखं काहीही करत नाही. कुठल्या चाकाखाली काय आहे हे त्याला कळतच नाही. पीळ, म्हणजे टॉर्क, ते एका ठरलेल्या प्रमाणात वाटतं. फेरे मात्र ते वाटत नाही, ते रस्ता ठरवतो. हे दोन हिशेब वेगळे ठेवले की बाकीचा विषय सरळ उलगडत जातो, म्हणून सुरुवात फेऱ्यांपासून.

व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, २.६ मीटर आणि डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १.५ मीटर असलेली गाडी धरा. मागच्या एक्सलचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर ठेवून गाडीने एक पूर्ण चक्कर मारली, तर चाकं कापतात ती अंतरं अशी:

मागचं आतलं: ३३.० मीटर
मागचं बाहेरचं: ४२.४ मीटर
पुढचं आतलं: ३६.८ मीटर
पुढचं बाहेरचं: ४५.४ मीटर

चार चाकं, चार वेगळी अंतरं. आतलं-बाहेरचं चाक वेगळं चालतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण पुढच्या दोन्ही चाकांची सरासरी ४१.१ मीटर येते आणि मागच्यांची ३७.७, म्हणजे पुढचा एक्सल जवळजवळ ९ टक्के जास्त फिरतो, इकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. टायरचा परीघ २.१ मीटर आणि एक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे, ४.१ धरला, तर एका चकरेत पुढच्या बाजूच्या शाफ्टला मागच्यापेक्षा साडेसहाहून जास्त फेरे अधिक मारावे लागतात. हे दोन शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडलेले असतील तर हे फेरे जाणार कुठे? चिखलात किंवा वाळूत टायर घसरून ते सोडवतात. कोरड्या डांबरावर टायर घसरायला तयार नसतात, म्हणून शाफ्ट आणि गिअरच पिळले जातात. सुझुकी जिमनीसारख्या पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकं जोडणाऱ्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीत मधलं डिफरन्शियल नसतं. कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावू नका असं तिचं हँडबुक सांगतं ते याचसाठी.

कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत म्हणून तीन डिफरन्शियल लागतात: पुढच्या एक्सलवर एक, मागच्या एक्सलवर एक आणि या दोघांच्या मध्ये एक. तिन्हींचा नियम एकच. दोन बाजूंच्या फेऱ्यांची बेरीज केसच्या, म्हणजे इंजिनाकडून फिरवल्या जाणाऱ्या बाहेरच्या डब्याच्या फेऱ्यांच्या दुप्पट असते. केस १०० फेरे फिरली तर चाकं १००-१०० फिरतील, ९५-१०५ फिरतील किंवा एक पूर्ण थांबून दुसरं २०० फिरेल. यातलं काय होणार यात डिफरन्शियलचा काही हात नाही.

केसच्या आत स्टार पिनियन नावाचे छोटे गिअर असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एक्सलला जोडलेले साइड गिअर. गाडी सरळ चालली असेल तर स्टार पिनियन स्वतःभोवती फिरतच नाहीत, केसबरोबर नुसते वाहून नेले जातात. गाडी वळली की ते स्वतःभोवती हळूहळू फिरतात, आणि एका साइड गिअरला जेवढं मागे सारतात तेवढंच दुसऱ्याला पुढे ढकलतात. प्रत्येक स्टार पिनियन ही मधोमध ढकललेली एक दांडी समजा. दोन्ही टोकांवर जोर सारखाच पडणार. कमी जोर पेलणारं टोक जेवढा विरोध करेल, तेवढाच जोर दुसऱ्या टोकावर उभा राहू शकतो. घसरणाऱ्या चाकामुळे गाडी अडकते त्याचं मूळ इथे आहे.

मापपट्टी:
छान मांडलंय. एक भर. ५०:५० हे बेव्हल गिअरच्या मधल्या डिफरन्शियलचं झालं, कारण त्याचे दोन्ही साइड गिअर एकाच मापाचे असतात. बऱ्याच गाड्यांत मध्ये प्लॅनेटरी संच असतो (मध्यभागी सन गिअर, बाहेर रिंग गिअर, दोघांमध्ये कॅरिअर नावाच्या चौकटीवर बसवलेली ग्रहचाकं) आणि तिथे वाटणी असमान निघते. १९६६ च्या जेन्सन एफएफमध्ये फर्ग्युसन पद्धतीने पुढे ३७ आणि मागे ६३ टक्के पीळ जात होता. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्स एसटीआयमध्ये नंतरच्या वर्षांत हे प्रमाण ४१:५९ होतं. जुवाचा दोर मधोमध न बांधता एका बैलाकडे सरकवून बांधला की ओझं जसं कमी-जास्त होतं, तसंच हे.

दातेरी_चक्र:
@मापपट्टी, जुवाची उपमा जवळची आहे, पण एका ठिकाणी फसवते. प्लॅनेटरी संचातही ग्रहचाकाच्या दोन्ही कडांवर दातांवरचा जोर सारखाच असतो, दोर तिथेही मधोमधच असतो. फरक पडतो तो त्रिज्येमुळे. सन गिअर लहान, रिंग गिअर मोठा. जोर तोच, हात लांब, म्हणून रिंगकडे पीळ जास्त. वाटणी थेट दातांच्या संख्येवरून निघते. समजा सन गिअरला २८ दात आणि रिंगला ५२. सन पुढच्या चाकांना आणि रिंग मागच्या चाकांना जोडली, तर ८० पैकी २८ वाटे पुढे आणि ५२ वाटे मागे. म्हणजे ३५:६५.

फेऱ्यांचा नियमही त्याच दातांनी बदलतो. २८ गुणिले सनचे फेरे, अधिक ५२ गुणिले रिंगचे फेरे, बरोबर ८० गुणिले कॅरिअरचे फेरे. मागची चाकं जागच्या जागी रुतली आणि पुढची सुटली, तर पुढचा शाफ्ट कॅरिअरच्या दुप्पट नव्हे, २.८६ पट वेगाने फिरतो. असमान वाटणीच्या गाडीत लहान गिअरकडची बाजू सुटली की ग्रहचाकांची पिन आणि वॉशर लवकर जळतात, त्याचं कारण हा वाढलेला वेग.

चिखलतुडव:
चार चाकांना ताकद असूनही फक्त एक चाक बर्फावर गेल्यामुळे गाडी अडकते, हे आकड्यांत दाखवता येईल का? 'ऑल व्हील आहे, अडकणार नाही' या भरवशावर लोक गाडी कुठेही घालतात.

दातेरी_चक्र:
जरूर. गाडी १६०० किलोची, प्रत्येक चाकावर साधारण ४००० न्यूटन भार, टायरची त्रिज्या ०.३३ मीटर. तीन चाकं कोरड्या डांबरावर, एक बर्फावर. बर्फावर घर्षणांक ०.१ धरला तर ते चाक १३२ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त पीळ पेलू शकत नाही.

तिन्ही डिफरन्शियल ओपन आणि मधलं ५०:५०. बर्फावरच्या चाकाला १३२, म्हणून त्याच एक्सलवरच्या दुसऱ्या चाकालाही १३२. एक्सलला मिळाले २६४, म्हणून दुसऱ्या एक्सललाही २६४च. एकूण ५२८ न्यूटन-मीटर, म्हणजे जमिनीवर १६०० न्यूटन ढकल. एवढ्यात ही गाडी १० टक्क्यांच्या चढावर जेमतेम उभी राहते. इंजिन पहिल्या गिअरमध्ये चाकांपर्यंत २८०० न्यूटन-मीटर द्यायला तयार असलं तरी तो पीळ उभाच राहत नाही. इंजिनाचा वेग वाढतो आणि बर्फावरचं चाक भणाणतं, एवढंच. तेच चाक हवेत उचललं गेलं तर एकूण पीळ शून्य.

आता मधलं डिफरन्शियल लॉक करा, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट बांधा, आणि दोन्ही एक्सल ओपनच ठेवा. बर्फावरच्या चाकाचा एक्सल २६४ वर अडकलेलाच राहतो, पण दुसऱ्या एक्सलवर ते बंधन उरत नाही. तिथल्या दोन कोरड्या चाकांना झेपेल तेवढा पीळ जातो आणि गाडी निघते. प्रत्येक एक्सलवरचं एकेक चाक, म्हणजे तिरप्या कोपऱ्यांतली दोन चाकं हवेत गेली, तर मात्र मधलं लॉक करूनही उपयोग नाही. तिथे एक्सलचं लॉक हवं किंवा ब्रेकची मदत.

रिंग_पिनियन:
ब्रेकच्या मदतीचंही गणित याच उदाहरणात बसवतो. एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा पंप बर्फावरच्या चाकाला ५०० न्यूटन-मीटरचा ब्रेक लावतो. डिफरन्शियलला वाटतं की ते चाक १३२ अधिक ५००, म्हणजे ६३२ पेलतंय. मग बाकीच्या तिघांनाही प्रत्येकी ६३२ मिळतात. जमिनीवर पोचणारा एकूण पीळ ५२८ वरून २०२८ वर जातो. ओपन डिफरन्शियल तसंच राहतं, आपण फक्त त्याची समजूत बदलली.

त्याची किंमत अशी की इंजिनाला ते ५०० सुद्धा पुरवावे लागतात आणि ते ब्रेक पॅडवर उष्णता होऊन जातात. लांबच्या वाळूत किंवा चिखलाच्या चढावर काही मिनिटांत पॅड तापतात आणि गाडीचा संगणक ही मदत आपणहून बंद करतो. मदत अचानक थांबली तर आधी हे लक्षात घ्या: काही बिघडलेलं नसतं, गाडी उभी करून ब्रेक गार होऊ द्यायचे. शिवाय ही मदत सुरू व्हायला चाक आधी घसरावं लागतं, तेव्हा पाय ॲक्सिलरेटरवर स्थिर ठेवा. दर सेकंदाला सोडला-दाबला तर सेन्सरला फरक मोजायला वेळच मिळत नाही.

सायलेंट_वाचक:
टॉर्सन आणि व्हिस्कस यांत नेमका फरक काय? दोघांनाही लिमिटेड स्लिपच, म्हणजे घसरण मर्यादित ठेवणारं म्हणतात.

रिंग_पिनियन:
काम सारखं, स्वभाव वेगळा.

टॉर्सन वर्मसारख्या तिरप्या दातांवर चालतं. व्हर्नन ग्लीझमन यांना त्याचं पेटंट १९५८ साली मिळालं. पीळ आला की तिरपे दात गिअरना बाजूला, वॉशरवर आणि केसवर दाबतात. त्या घर्षणामुळे जास्त फिरू पाहणारी बाजू अडते आणि पीळ हळू बाजूकडे वळतो. चाक घसरायची वाट पाहावी लागत नाही, पीळ येताक्षणी ते काम सुरू करतं. ऑडी क्वाट्रो १९८० मध्ये आली तेव्हा मधलं डिफरन्शियल साधं होतं आणि चालक हाताने ते लॉक करायचा. टॉर्सन त्याच दशकात नंतर आलं.

टॉर्सनची मर्यादा म्हणजे त्याचं गुणोत्तर. ते ३:१ असेल तर कमी पकडीच्या बाजूच्या तिप्पट पीळ दुसऱ्या बाजूला देता येतो. वरच्या उदाहरणात बर्फाच्या एक्सलला २६४ तर दुसऱ्याला ७९२ पर्यंत. पण शून्याची तिप्पट शून्यच. चाक हवेत असेल तर नुसतं टॉर्सन हतबल असतं. अशा वेळी ब्रेक हलका दाबून ठेवत ॲक्सिलरेटर दिला की हवेतल्या चाकाला थोडा पीळ मिळतो आणि त्याच्या तिप्पट पलीकडे जातो.

व्हिस्कसमध्ये एका बंद डब्यात भोकं पाडलेल्या पातळ चकत्या असतात, एक आड एक दोन शाफ्टना जोडलेल्या, आणि मध्ये घट्ट सिलिकॉन तेल. दोन शाफ्टच्या वेगात फरक पडला की तेल चकत्यांमध्ये घुसळलं जातं आणि फरकाला विरोध करतं. म्हणजे इथे आधी घसरणं, मग मदत. जास्त वेळ घसरलं की तेल तापून फुगतं, डब्यातली हवा दाबली जाते, चकत्या एकमेकींना चिकटतात आणि कपलिंग जवळपास लॉक होतं. गार झालं की सुटतं. वर्षानुवर्षं असं तापत राहिलं की तेल बिघडतं. मग एक तर ते कायम घट्ट होऊन बसतं किंवा पकडेनासं होतं.

कोरडीवाट:
जाहिरातीत '० ते १०० टक्के पीळ मागच्या चाकांना' असं लिहितात. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत तर बऱ्याचदा मधलं डिफरन्शियलच नसतं, हॅल्डेक्ससारखं क्लचचं कपलिंग असतं. मग हे टक्के येतात कुठून?

दातेरी_चक्र:
मोलाचा मुद्दा. हॅल्डेक्स हे डिफरन्शियल नाहीच. पुढचा एक्सल गिअरबॉक्सला थेट जोडलेला असतो आणि मागचा तेलात बुडालेल्या क्लचमधून. क्लच मोकळा असेल तर मागे शून्य. पूर्ण दाबला तर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकच झाले, आणि अशा घट्ट जोडीत पिळाची वाटणी टायरची पकड ठरवते. दोन्हीकडे सारखी पकड असेल तर साधारण निम्मा-निम्मा. मागे १०० टक्के तेव्हाच, जेव्हा पुढची दोन्ही चाकं बर्फावर किंवा हवेत असतील. जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, पण तो त्या टोकाच्या परिस्थितीचा असतो.

याउलट खऱ्या मधल्या डिफरन्शियलला वाटणीची हद्द बांधून देता येते. २०१० च्या आरएस५ मध्ये ऑडीने क्राउन गिअरचं मधलं डिफरन्शियल बसवलं. मूळ वाटणी ४०:६०, आणि गरजेप्रमाणे पुढे जास्तीत जास्त ७० किंवा मागे जास्तीत जास्त ८५ टक्के.

क्लचचा एक नियम लक्षात ठेवा: तो पीळ फक्त वेगवान बाजूकडून हळू बाजूकडे देऊ शकतो. उलट कधीच नाही. वळणात बाहेरचं चाक वेगवान असतं, म्हणून एक्सलवरचं क्लचवालं डिफरन्शियल आवळलं की पीळ आतल्या चाकाकडे जातो आणि गाडी वळायला कुरकुरते. बाहेरच्या चाकाला जास्त पीळ द्यायचा तर त्या बाजूचा शाफ्ट चाकापेक्षा वेगाने फिरवणारा जादा गिअर मध्ये घालावा लागतो. मित्सुबिशीने १९९६ च्या लान्सर इव्होल्यूशन ४ मध्ये मागच्या एक्सलवर हेच केलं. होंडाची २००४ ची एसएच-एडब्ल्यूडी ही ऑल व्हील ड्राइव्ह यंत्रणा वळणात मागचा एक्सल थोडा वेगाने फिरवते आणि मग क्लचने बाहेरच्या चाकाकडे पीळ देते.

चिखलतुडव:
आता टायरबद्दल लिहा. दोनच टायर नवे घालावेत का, हा प्रश्न सारखा येतो.

मापपट्टी:
हे मी लिहितो. मागचे दोन टायर नवे, खोबणीची खोली ८ मिलिमीटर. पुढचे दोन ३ मिलिमीटरवर आलेले. त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक, म्हणजे साधारण दीड टक्का. परीघ २.१ मीटर धरला तर चाक किलोमीटरला ४७६ फेरे मारतं. दीड टक्का म्हणजे झिजलेलं चाक दर किलोमीटरला सात फेरे जास्त मारतं. रेशो ४.१ असेल तर मधल्या शाफ्टवर हा फरक २९ फेऱ्यांचा होतो. वळणावर येणारा फरक वळण संपलं की संपतो, हा मात्र सरळ रस्त्यावर, प्रत्येक किलोमीटरला, अखंड.

ओपन बेव्हल असेल तर स्टार पिनियन सतत फिरत राहतात आणि त्यांचे वॉशर झिजतात. व्हिस्कस सतत कोमट-गरम राहून तेल मरतं. क्लचचं कपलिंग तापतं आणि संगणक ते मोकळं सोडतो. टॉर्सन आवाज करत नाही, पण आतून खात जातं.

तपासायची पद्धत सोपी आहे. चारही टायरमध्ये सारखी हवा भरा. शिवणकामाची मऊ मापपट्टी टायरच्या मध्यावरून पूर्ण गुंडाळा आणि परीघ वाचा. खोबणीत १ मिलिमीटरचा फरक परिघात ६.३ मिलिमीटर होऊन दिसतो, म्हणून खोली मोजण्यापेक्षा हे माप जास्त बोलतं. सुबारू चारही टायरच्या परिघातला फरक पाव इंचाच्या, म्हणजे ६ मिलिमीटरच्या आसपास ठेवायला सांगते. इतर कंपन्यांची मर्यादा हँडबुकात पाहा. एकच टायर फाटला असेल तर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा, तेवढाच झिजलेला शोधा. नाही मिळाला तर नवा टायर बाकीच्यांच्या खोलीपर्यंत तासून घेणारे असतात, तो मार्ग धरा. स्टेपनी लहान मापाची असेल तर हँडबुकात तिचा एक्सल, वेग आणि अंतर दिलेलं असतं, ते तंतोतंत पाळा. सुबारूच्या काही जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत बॉनेटखाली एफडब्ल्यूडी, म्हणजे फक्त पुढच्या चाकांवर चालणं, असं लिहिलेली फ्यूजची जागा असते. स्टेपनी लावल्यावर तिथे फ्यूज घातला की मागची जोडणी सुटते.

रिंग_पिनियन:
+१. हवेच्या दाबाकडेही तेवढंच लक्ष द्या. दाब उतरलेल्या टायरची चालती त्रिज्या कमी होते आणि गाडीला तो झिजल्यासारखाच भासतो.

पाना_बारा:
जॅक लावताना होणाऱ्या चुकीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितोय. ही जिवावर बेतणारी गोष्ट आहे.

पार्कमध्ये किंवा गिअरमध्ये गाडी उभी आहे, म्हणजे ती हलणार नाही, असं समजू नका. बहुतेक ठिकाणी पार्कचं कुलूप डिफरन्शियलच्या आधी असतं. ते केस अडवतं, चाकं नाही. केसचे फेरे शून्य, म्हणून दोन बाजूंच्या फेऱ्यांची बेरीज शून्य. एक बाजू उलटी फिरायला मोकळी असेल तर दुसरी सुलटी फिरू शकते. एक चाक हवेत उचललं की ते उलटं फिरतं आणि जमिनीवरची तिन्ही चाकं पुढे जातात. गाडी जॅकवरून उतरते. मधलं डिफरन्शियल ओपन असेल तर चारपैकी कुठलंही एक चाक उचलणं एवढ्याला पुरतं. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरचा हँडब्रेकसुद्धा चाकांवर नसतो, ट्रान्सफर बॉक्समधून, म्हणजे पुढे-मागे पीळ वाटणाऱ्या गिअरच्या पेटीतून, मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की तो हँडब्रेक निकामी होतो. तिथे जॅक लावण्याआधी मधलं डिफरन्शियल लॉक करायचं आणि ते खरंच लागलं की नाही ते गाडी जराशी पुढे-मागे करून पाहायचं.

क्रम ठेवा: सपाट जमीन, हँडब्रेक, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मग जॅक, मग स्टँड. स्टँडशिवाय खाली हात घालायचा नाही.

याच्याच पोटातल्या आणखी दोन गोष्टी. टो करताना दोन चाकं उचलून आणि दोन जमिनीवर ठेवून ओढू नका, पूर्ण गाडी फ्लॅटबेडवर घ्या. आणि ब्रेक तपासायच्या रोलरवर एकच एक्सल फिरवला तर व्हिस्कस आवळून गाडी रोलरवरून उडी मारू शकते. तपासणाऱ्याला आधीच सांगा.

सायलेंट_वाचक:
व्हिस्कस कपलिंग मेलं आहे की जिवंत, हे घरी पाहता येतं का?

पाना_बारा:
येतं. मागच्या एक्सलला ओपन डिफरन्शियल हवं, नाहीतर ही चाचणी लागू नाही.

गाडी वीस मिनिटं चालवून आणा. मोकळ्या सपाट जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून, पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न देता गोल फिरवा. गाडी अडखळत असेल, टायर चरचरत असतील किंवा क्लच दाबताच ब्रेक लावल्यासारखी थांबत असेल, तर कपलिंग घट्ट झालंय.

मग मागचं एक चाक उचला. वरचा सगळा क्रम पाळा, फक्त या वेळी ठोकळे लागल्यावर गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक सोडलेला, म्हणून ठोकळे चांगले जड घ्या. उचललेल्या चाकावर लांब दांड्याने सतत जोर द्या. कपलिंग चांगलं असेल तर चाक मधात चमचा फिरवल्यासारखं सावकाश सरकतं आणि जोर वाढवला तर विरोधही वाढतो. अजिबात हललं नाही तर जाम. हाताने गरगर फिरलं तर तेल संपलंय किंवा बिघडलंय. व्हिस्कसचा डबा उघडून दुरुस्त करायचा नसतो, अख्खा बदलतात.

कोरडीवाट:
तेलाचं काय? 'आयुष्यभराचं तेल' असं लिहिलेलं असतं.

पाना_बारा:
त्या शब्दावर विसंबू नका. सगळ्यात जास्त हाल होतात ते आडव्या इंजिनाच्या गाडीतल्या पुढच्या ट्रान्सफर युनिटचे, म्हणजे गिअरबॉक्समधून मागे पीळ काढणाऱ्या संचाचे. त्यात एक लिटरही तेल नसतं, शेजारून एक्झॉस्ट जातो आणि आत बेव्हल गिअर सतत फिरत असतो. ते तेल काळं, जळक्या वासाचं निघालं तर उशीर झालेला असतो.

तेल बदलताना आधी भरायचा बोल्ट सोडून पाहा, मगच खालचा. भरायचा बोल्ट गंजून अडकला असेल आणि तेल आधीच सांडलं असेल, तर गाडी जागची हलवता येत नाही. गाडी चारही बाजूंनी समपातळीत हवी. तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं की पुरे. जास्त भरलं की ते फेसाळतं आणि सीलमधून बाहेर येतं. सील वारंवार गळत असेल तर नवा घालण्याआधी वरची ब्रीदरची, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी नळी मातीने बुजली आहे का पाहा. आतला दाब बाहेर जायला वाट नसली की सील कितीही नवा असो, गळणारच.

तेल सोडायच्या बोल्टच्या मॅग्नेटवर करडी, मऊ लापशी दिसणं साहजिक आहे. बोटांच्या चिमटीत धरता येईल असा तुकडा मिळाला तर तेल भरून गाडी परत देऊ नका, उघडा.

ग्रेड हँडबुकाप्रमाणे, बऱ्याच एक्सलना जीएल-५ दर्जाचं ७५डब्ल्यू-९० लागतं. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ सांगितलं असेल तर तिथे जीएल-५ घालू नका, पितळी सिंक्रोनायझर रिंगांना ते मानवत नाही. क्लच प्लेटचं लिमिटेड स्लिप असेल तर त्याचं घर्षण कमी करणारं ॲडिटिव्ह लागतं. ते नसलं की हळू वळताना मागून थरथर येते. टॉर्सनला त्याची गरज नसते.

हॅल्डेक्सच्या मागच्या हाउसिंगमध्ये दोन वेगळे कप्पे असतात: क्लचचं तेल वेगळं, डिफरन्शियलचं वेगळं. बोल्ट शेजारी-शेजारी असल्याने अदलाबदल होते आणि क्लच जातो. पाचव्या पिढीच्या हॅल्डेक्सला बदलायचा फिल्टर नाही, पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी आहे. क्लचचा चुरा तिथे साठतो, पंप जोर लावून लावून जळतो आणि सुरुवातीला दिवाही लागत नाही. ओल्या रस्त्यावर निघताना पुढची चाकं भणभणायला लागली की हे पहिलं तपासा. नुसतं तेल बदलून जाळी साफ होत नाही. पंप काढून, जाळी धुऊन, नवे ओ-रिंग घालूनच बसवा.

रिंग_पिनियन:
आवाजावरून जागा ओळखायच्या खुणा जोडतो.

ॲक्सिलरेटर दिल्यावरच येणारी, सोडल्यावर जाणारी 'हूं' अशी शिटी: क्राउन-पिनियनच्या, म्हणजे केसवरचा मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा शाफ्टकडचा छोटा गिअर यांच्या दातांचा मेळ बिघडलाय. ॲक्सिलरेटरने फरक पडत नाही, फक्त वेगाबरोबर घरघर वाढते: बेअरिंग. फक्त वळताना आवाज: स्टार पिनियन, त्यांची पिन, वॉशर. ॲक्सिलरेटर देता-सोडताना 'खट': कुठेतरी प्ले, म्हणजे दातांमधली ढिलाई वाढलीय, पण डिफरन्शियल उघडण्याआधी प्रोपेलर शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट हाताने हलवून बघा, कारण बहुतेक वेळा दोषी तेच निघतात.

पिनियनचा सील बदलताना होणारी चूक फार महागात पडते. पिनियनच्या नटाखाली बऱ्याच एक्सलमध्ये चेपणारी स्लीव्ह असते, तिच्यावर बेअरिंगचा ताण ठरतो. नट सोडण्याआधी नट, पिनियन आणि फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) यांवर एकच सरळ खूण करा आणि किती आटे बाहेर दिसतात ते मोजा. नट जास्त आवळला गेला तर तो परत सैल करून काम भागत नाही, स्लीव्ह एकदाच चेपते. नवी घालावी लागते. क्राउन-पिनियन नवं बसवताना क्रम असा: आधी शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, पिनियनची खोली, मग बेअरिंगचा ताण, मग डायल गेजने प्ले, तो साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर, आणि शेवटी दातांवर रंग लावून ठसा. ठसा दाताच्या मध्यावर यायला हवा. ठसा पाहायचा कंटाळा करू नका, प्ले बरोबर असूनही खोली चुकलेली असू शकते.

सायलेंट_वाचक:
शेवटची एक शंका. मागचं डिफरन्शियल जुन्या गाडीतून काढलेलं मिळालं आणि त्यावरची पाटी गेलेली असेल, तर रेशो न उघडता कसा कळेल?

मापपट्टी:
आधी हे का जपायचं ते. पुढचा रेशो ४.१ आणि मागे चुकून ३.९ बसलं तर दोन शाफ्टमध्ये पाच टक्क्यांचा कायमचा फरक. झिजलेल्या टायरच्या तिप्पट. मधलं डिफरन्शियल किंवा कपलिंग अगदी थोड्या दिवसांत जातं.

सुटं डिफरन्शियल टेबलावर असेल तर पिनियनच्या फ्लँजवर आणि एका बाजूच्या एक्सलवर खडूची खूण करा. ओपन डिफरन्शियल असेल तर दुसऱ्या बाजूचा एक्सल पक्का धरून ठेवा आणि खूण केलेला एक्सल बरोबर २० वेळा फिरवा. एक बाजू थांबलेली, म्हणून केस त्याच्या निम्मी, म्हणजे १० वेळा फिरते. तेवढ्यात फ्लँज किती फिरला ते मोजा. टॉर्सन किंवा क्लचवालं असेल तर एक बाजू धरून फिरवायला जड जातं. तेव्हा दोन्ही एक्सल एकत्र १० वेळा फिरवा, उत्तर तेच येतं. गाडीखाली बसवलेलं असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट काढून तो बाजूला बांधा, नाहीतर मधल्या डिफरन्शियलचा विरोध मध्ये येतो.

४१ फेरे आले तर ४.१, ३९ आले तर ३.९. मोजणी दोनदा करा, आणि दोन्ही वेळा आकडा सारखा आला तरच ते गाडीखाली न्या.